आंब्याची पालवी आणि दिव्याचा रंग : प्रकल्प नोंदी

३ जून

विषय पक्का झाला. कृत्रिम प्रकाशाचा रंग बदलला की आंब्याच्या कोवळ्या पालवीतली द्रव्ये कशी बदलतात, ते पाहायचे. फळातच पाहावे असे आधी मनात होते, पण कोयीपासून वाढवलेल्या रोपाला फळ धरायला कित्येक वर्षे जातात. पालवी मात्र पहिल्याच वर्षी फुटते. शिवाय ती तांबूस-जांभळट येते आणि मग हळूहळू हिरवी होते. लिचीची आणि कोकोची पालवीही अशीच रंगीत असते. हा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. पिकत्या आंब्याच्या उन्हाकडच्या गालावर जी लाली चढते, तीही याच द्रव्यकुळातली. म्हणून पालवीपासून सुरुवात करणे मला रास्त वाटते.

कोवळ्या पानाला हा रंग कशाला हवा, यावर बरेच लिहिले गेले आहे. एक समजूत अशी की या वयात पानाची हरितद्रव्याची यंत्रणा पुरती बसलेली नसते, आलेला सगळा प्रकाश वापरता येत नाही, तेव्हा अँथोसायनिन त्यातला हिरवा-निळसर भाग शोषून पानाला सावली धरते. दुसरी समजूत किडींपासूनच्या बचावाची. दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

कोयी बहुभ्रूणी जातीच्या घेतल्या. अशा कोयीतून एकाऐवजी अनेक कोंब येतात आणि त्यांतले बहुतेक बीजांडातल्या मातृऊतीपासून बनलेले असतात, म्हणजे आनुवंशिकदृष्ट्या आईझाडाची नक्कल. दिव्यांमुळे पडलेला फरक शोधायचा तर रोपारोपांतला जन्मजात फरक जितका कमी तितके बरे. परागीभवनातून आलेला कोंब नुसत्या डोळ्यांनी खात्रीने ओळखता येत नाही, म्हणून प्रत्येक कोयीचे कोंब वेगळे करून चारही दिव्यांखाली वाटून लावायचे ठरले.

१० जून

चार कप्पे तयार : पांढरा एलईडी, फक्त लाल (६६० नॅनोमीटर), फक्त निळा (४५० नॅनोमीटर) आणि लाल-निळा मिश्र. मिश्रात फोटॉनांच्या (प्रकाशकणांच्या) हिशोबाने तीन भाग लाल, एक भाग निळा. कप्प्यांच्या मधे काळे जाड कापड, म्हणजे शेजारचा प्रकाश झिरपणार नाही.

आजचा सगळा दिवस चारही कप्प्यांतला प्रकाश सारखा करण्यात गेला. या कामावर पुढचे सगळे उभे आहे, म्हणून सविस्तर लिहून ठेवते. लक्समीटर इथे चालत नाही. तो माणसाच्या डोळ्याच्या मापाने मोजतो आणि आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्या-पिवळ्याला सर्वांत जास्त दाद देतो. ४५० चा निळा आणि ६६० चा लाल त्या मापाच्या दोन्ही कडांना पडतात. तेव्हा लक्स सारखे केले तरी रोपाला मिळणारा प्रकाश सारखा होत नाही. वॅट सारखे करूनही भागत नाही. निळ्या फोटॉनात लालपेक्षा जास्त ऊर्जा असते, त्यामुळे एका वॅट प्रकाशात सेकंदाला लाल फोटॉन साधारण ५.५ मायक्रोमोल येतात आणि निळे जेमतेम ३.८. वॅट जुळवून निळा आणि लाल यांची तुलना केली, तर लालखालचे रोप मुळातच जवळपास दीडपट फोटॉन घेऊन बसलेले असते.

म्हणून फोटॉन मोजणाऱ्या क्वांटम सेन्सरने मोजले. पानांच्या उंचीवर, कप्प्याच्या मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत. मधे १५० मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद, दिवसाला १२ तास. दिवसाची बेरीज सुमारे ६.५ मोल होते. उष्ण कटिबंधात निरभ्र दुपारच्या उन्हात हाच आकडा सेकंदाला २००० मायक्रोमोलच्या घरात असतो. तेव्हा आमचे निष्कर्ष मंद प्रकाशातले असतील आणि अहवालात तसे पहिल्याच परिच्छेदात लिहिले पाहिजे. कोपऱ्यांत प्रकाश कमी पडतो, म्हणून कुंड्या ठराविक दिवसांनी फिरवायच्या.

२७ जून

कोंब वर आले. एका कोयीतून तीन, एकीतून चार. मुळे न दुखावता सोडवणे जिकिरीचे काम आहे, कोयीचा डाळा (अन्न साठवलेले बीजदल) प्रत्येकाला थोडा तरी लागून राहिला पाहिजे.

पहिल्या पालवीचे नमुने घ्यायचे नाहीत असा निर्णय केला. ही पाने कोयीत साठवलेल्या अन्नावर आलेली आहेत, त्यांत दिव्याचा वाटा किती आणि कोयीचा किती हे सांगता येणार नाही. दुसरी पालवी दिव्याखालीच घडेल. ती खरी.

१४ जुलै

लालखालची रोपे उंच, पेरी लांब, पाने थोडी खाली झुकलेली. निळ्याखालची आखूड आणि गच्च. फोटॉन सारखेच असताना. प्रकाश हे रोपाचे अन्नाचे साधन आहे तसेच ते सूचना मिळण्याचेही साधन आहे, आणि ही सूचना वाचायला त्याच्याकडे वेगवेगळी प्रथिने आहेत. लाल आणि फार-रेड (लालच्या पलीकडचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा प्रकाश) वाचणारे फायटोक्रोम, निळा आणि अतिनील-ए वाचणारे क्रिप्टोक्रोम. लाल दिव्याने जागवलेले बी फार-रेडने पुन्हा निजवता येते, हे बोर्थविक आणि हेन्ड्रिक्स यांच्या गटाने १९५२ मध्ये लेट्यूसच्या बियांवर दाखवले होते. क्रिप्टोक्रोमचा जनुक हाती लागायला १९९३ उजाडले.

अँथोसायनिनपर्यंतची साखळी भिंतीवर काढून लावली आहे. अंधारात सीओपी१ नावाचे प्रथिन एचवाय५ सारख्या नियामकांना (जनुके चालू करणाऱ्या प्रथिनांना) मोडीत काढायला पाठवते. प्रकाश पडला की क्रिप्टोक्रोम आणि फायटोक्रोम सीओपी१ ला आवरतात, एचवाय५ टिकून राहते, एमवायबी गटातले नियामक जागे होतात आणि मग फेनिलअॅलनिन या अमिनो आम्लापासून अँथोसायनिनपर्यंत जाणाऱ्या पायऱ्यांची विकरे बनू लागतात. निळ्याखाली रंग जास्त येईल ही अपेक्षा या साखळीवरून. पण लाल दिव्याखालीही फायटोक्रोम जागा असतोच, त्यामुळे तिथे रंग शून्य येईल असे मी धरत नाही.

५ ऑगस्ट

दुसरी पालवी सुटायला लागली. निळ्या कप्प्यात आधी, पाठोपाठ मिश्रात.

एक गोष्ट आजच नीट नोंदवते. दिव्याखाली उभे राहून रंगाचा अंदाज घेता येत नाही. निळ्या उजेडात तांबूस पान चक्क काळे दिसते. लाल उजेडात तेच पान फिकट, जवळजवळ पांढरट दिसते आणि शेजारचे जुने हिरवे पान काळे. तेव्हा कुंडी बाहेर पांढऱ्या उजेडात आणायची, त्याच जागी, त्याच पार्श्वभूमीवर, आणि मगच वहीत लिहायचे.

पांढऱ्या उजेडात पाहिले तर निळ्याखालची पालवी गडद, वांग्याच्या सालीसारखी. मिश्राखालची तिच्या मागोमाग. पांढऱ्याखालची तांबूस. लालखालची फिकी, तपकिरीकडे झुकलेली हिरवट. शिरांजवळ सगळ्यांतच रंग जास्त.

पान उलगडले त्या दिवशी देठाला रंगीत दोरा बांधायला सुरुवात केली, प्रत्येक तारखेला वेगळा रंग. हे पान दिवसागणिक बदलते. मऊ, लोंबते, तलम असते तेव्हा लाल, आणि ताठ होता होता हिरवे. एका दिव्याखालचे कोवळे पान आणि दुसऱ्याखालचे आठवडाभर जुने पान एकत्र मोजले, तर निघालेला फरक वयाचा असेल.

९ ऑगस्ट

पहिले अर्क. दिवे लागल्यावर एका तासाने पाने काढली, चारही कप्प्यांतून एकाच वेळी. बुच-छिद्रकाने पानातून चकत्या पाडल्या, वजन केले, बर्फावर ठेवलेल्या खलात टाकल्या. आंब्याचे कोवळे पान कुटताना राळेचा उग्र वास येतो आणि लगदा बत्त्याला चिकटतो. आम्ल घातलेले मेथेनॉल (एक टक्का हायड्रोक्लोरिक आम्ल) आधीच खलात असले पाहिजे. नुसते पान कुटले तर काही मिनिटांत लगदा तपकिरी होतो, कारण पेशी फुटल्याबरोबर पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर फिनॉलांवर तुटून पडते. आम्लात ते थंडावते आणि अँथोसायनिन लाल रूपात स्थिर राहते.

अर्क अंधारात, थंडीत ठेवून सेंट्रिफ्यूज केला. ५३० नॅनोमीटरला अँथोसायनिनचे शोषण वाचायचे, पण पानाच्या अर्कात हरितद्रव्याचे अवशेषही असतात आणि तेही तिथे थोडे शोषण करतात. त्यासाठी ६५७ चे वाचन घेऊन त्याचा पाव भाग वजा करायचा. फळाच्या रसासाठी पीएच १.० आणि ४.५ अशा दोन बफरांतला फरक घेण्याची पद्धत जास्त चांगली, कारण ४.५ ला अँथोसायनिनचा रंग जवळजवळ जातो. पानांच्या नमुन्यांपैकी काही त्या पद्धतीनेही ताडून पाहिले. क्रम तोच आला.

प्रति ग्रॅम ताज्या वजनाला : निळा सर्वांत वर, मग मिश्र, मग पांढरा, शेवटी लाल.

२० ऑगस्ट

पट्टीचा प्रयोग. हा मला सगळ्यांत आवडलेला भाग आहे.

दोन पाने एकमेकांवर पडली होती तिथे खालच्या पानावर वरच्याच्या कडेची रेघ उमटलेली दिसली. उघड्या भागात गडद, झाकल्या भागात पिवळसर-तांबूस. म्हणजे रंग बनवण्याचा निर्णय सगळे पान मिळून घेत नाही, ज्या पेशींवर प्रकाश पडला त्याच पेशी घेतात असा संशय आला. मग उलगडत्या पानाच्या अर्ध्या भागावर काळ्या कागदाची पट्टी क्लिपने हलकेच लावली आणि दुसऱ्या अर्ध्यावर तेवढ्याच रुंदीची पारदर्शक फिल्म. फिल्म अशासाठी की कागदाखाली दमटपणा आणि उष्णता वाढते. दोन्ही बाजू झाकल्या की तो फरक बराचसा जातो आणि उरतो तो फक्त प्रकाशाचा.

पट्टी काढली तेव्हा मध्यशिरेच्या एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला फिके असे पान समोर होते. एकच रोप, एकच वय, एकाच देठातून येणारे पाणी आणि साखर. झाकलेला भाग रंगहीन मात्र नव्हता. काही तांबूसपणा तिथेही होता, आणि तो पान वयात येण्याच्या क्रमातूनच येत असावा. प्रकाश त्यावर भर घालतो. पालवी लाल होण्यामागे दोन हात आहेत, आणि दिवा फक्त त्यांतला एक.

२ सप्टेंबर

मार्गदर्शक मॅडमना आलेख दाखवला. त्यांनी पाहिला, आणि विचारले, "प्रति ग्रॅम म्हणतेस, पण निळ्याखालचे पान केवढे झाले आहे?"

पाने मोजलेलीच होती, क्षेत्रफळही आणि पूर्ण पानाचे वजनही. आज प्रति ग्रॅम, प्रति पान आणि पूर्ण रोप असे तिन्ही आकडे शेजारी शेजारी मांडले. निळ्याखालची पाने लहान आहेत. लहान पानात तेवढेच द्रव्य असले तरी प्रति ग्रॅम ते जास्तच दिसणार. प्रति पान हिशोब केला तेव्हा निळ्याची आघाडी बरीच आटली आणि मिश्र पुढे गेला. पूर्ण रोपाचा हिशोब केला तर मिश्र आणि पांढरा दोन्ही निळ्याच्या वर, कारण त्यांच्यावर पालवी भरघोस आहे. लाल मात्र तिन्ही हिशोबांत तळाला. त्याचे पान मोठे असूनही एकूण अँथोसायनिन कमी. म्हणजे लालखालचा फिकेपणा पान मोठे झाल्याने पातळ झालेल्या रंगाचा नाही, तिथे रंग बनलाच कमी.

एवढ्याने चित्र बदलले. निळ्याबद्दल जे वाक्य मी सहज लिहिले असते, ते कशाच्या तुलनेत हे सांगितल्याशिवाय अर्धवट आहे. ज्याला पानांतून द्रव्य काढायचे आहे त्याला एकूण किती मिळाले याच्याशी मतलब. ज्याला किडीने पान कुरतडल्यावर तिच्या तोंडात काय जाते ते पाहायचे आहे, त्याला प्रति ग्रॅमचा आकडा हवा. आणि पानाला उन्हापासून मिळणाऱ्या सावलीचा विचार असेल तर प्रति चौरस सेंटिमीटर. यापुढे प्रत्येक तक्त्यात तिन्ही रकाने.

११ सप्टेंबर

विभागातल्या एकाने विचारले की ड्रॅगन फ्रूटच्या बागांमध्ये रात्री दिवे लावतात, त्याने गर जास्त लाल होतो का. त्याला दिलेले उत्तर इथेही टिपून ठेवते, कारण ही गल्लत पुष्कळदा होते.

ते दिवे घड्याळासाठी असतात. ड्रॅगन फ्रूटला कळी धरायला दिवस मोठा, म्हणजे खरे तर रात्र लहान लागते. व्हिएतनामच्या बिन्ह थुआन भागात हंगामाबाहेर फुले यावीत म्हणून मधरात्री काही तास शेते उजळवतात. मंद प्रकाशही पुरतो, कारण रोपाला त्यातून अन्न करायचे नसते, फक्त रात्र तुटल्याचे कळायला हवे असते. दिवस-रात्रीच्या लांबीवर फुलणे अवलंबून असते हे गार्नर आणि अॅलर्ड यांनी १९२० मध्येच मांडले होते.

आणि त्या गराचा रंग अँथोसायनिनचा नाहीच. तो बीटालेनचा, बीटाच्या कंदात असतो त्या कुळातला, आणि तो टायरोसीन या अमिनो आम्लापासून बनतो. निसर्गात एकाच वनस्पतीत ही दोन्ही कुळे एकत्र सापडलेली नाहीत. तेव्हा आंब्याच्या पालवीवरून ड्रॅगन फ्रूटच्या गराबद्दल काही बोलणे बरोबर होणार नाही.

१८ सप्टेंबर

अतिनील-बी (अतिनील किरणांतला मधल्या तरंगलांबीचा भाग) चा छोटा प्रयोग सुरू. आमच्या एलईडी दिव्यांत हा भाग नाही, आणि काचेमागच्या रोपांनाही तो मिळत नाही, कारण साधी काच तो जवळपास सगळा अडवते. रोपाकडे त्यासाठी यूव्हीआर८ हे स्वतंत्र प्रथिन आहे. ते अतिनील-बी कसे ओळखते, याचा उलगडा २०११ मध्ये झाला. दोन-दोनच्या जोडीत असलेले हे प्रथिन अतिनील-बी पडताच सुटे होते आणि सीओपी१ ला जाऊन धरते. शेवटी भिंतीवरच्या त्याच साखळीला येऊन मिळते.

पांढऱ्या कप्प्यातली काही रोपे घेतली. अर्ध्या रोपांवर सेल्युलोज अॅसिटेटची फिल्म, ती अतिनील-बी च्या दिव्यातून निसटणारे घातक अतिनील-सी गाळते आणि बी जाऊ देते. उरलेल्यांवर पॉलिएस्टरची, ती बी सुद्धा अडवते. दोन्हींना दिव्याची ऊब आणि दिसणारा उजेड सारखाच. नुसता दिवा लावलेली आणि न लावलेली रोपे ताडली असती, तर उष्णतेचा परिणाम त्यात मिसळला असता. उष्णता वाढली की कित्येक फळांत अँथोसायनिन घटते, त्यामुळे ही काळजी वरवरची नव्हे. दिवा रोज थोडाच वेळ, गॉगल आणि हातमोजे घातल्याशिवाय पडदा उघडायचा नाही. सेल्युलोज अॅसिटेट या प्रकाशात जुनाट होत जाते, म्हणून ती फिल्म अधूनमधून बदलायची.

३० सप्टेंबर

अतिनील-बी मिळालेल्या पालवीची कड किंचित वळलेली, पृष्ठभाग जास्त चकचकीत. अर्काचे ३०० ते ३३० नॅनोमीटर पट्ट्यातले शोषण स्पष्ट वाढलेले, पॉलिएस्टरखालच्या रोपांत तसे नाही. अँथोसायनिनही वाढले, पण या पट्ट्यातल्या द्रव्यांइतके ठळक नाही. इथे क्वार्ट्झच्याच क्युव्हेट (अर्काचे शोषण मोजायच्या छोट्या नळ्या) वापरल्या, साध्या प्लॅस्टिकच्या क्युव्हेट खुद्द हा प्रकाश शोषतात.

याच आठवड्यात चार मूळ कप्प्यांचे नमुने एचपीएलसीवर (मिश्रणातली द्रव्ये वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर) चालवले, मँजिफेरीन पाहण्यासाठी. आंब्याच्या नावावरूनच ओळखले जाणारे हे झँथोन गटातले द्रव्य पानांत आणि सालीत भरपूर असते. चारही दिव्यांखाली ते जवळपास सारखे निघाले. अँथोसायनिनमध्ये डोळ्यांना दिसेल एवढा फरक, आणि त्याच पानातल्या मँजिफेरीनमध्ये नाममात्र. फोलिन-सिओकाल्टो पद्धतीने काढलेल्या "एकूण फिनॉल"च्या आकड्यात हे दोन्ही एकत्र पडतात. मँजिफेरीनचा वाटा मोठा, त्यामुळे तो आकडा फारसा हलत नाही आणि आत काय घडले ते झाकले जाते. शिवाय त्या अभिक्रियेत क जीवनसत्त्वही रंग देते. एकूण फिनॉल अहवालात द्यायचे, पण त्यावर कोणताही निष्कर्ष टेकवायचा नाही, असे प्रकल्पातल्या जोडीदाराचे आणि माझे ठरले.

१४ ऑक्टोबर

अदलाबदलीचा शेवटचा प्रयोग. नवी पालवी आलेली काही रोपे लालमधून निळ्याखाली आणि निळ्यातून लालखाली हलवली. प्रत्येक रोपावर तलम मऊ पाने आणि ताठ होऊ लागलेली पाने, दोन्ही होती.

लालमधून निळ्यात गेलेल्या मऊ पानांनी रंग धरला. ताठ झालेल्या पानांत काहीच घडले नाही, ती हिरवीच होत गेली. उलट दिशेने गेलेल्या मऊ पानांचा रंग उतरला, पण सावकाश, आणि पान वाढत असताना. तो मोडीत निघाला की वाढत्या पानात पातळ झाला, हे प्रति पान हिशोबावरून कळेल. अर्क गोठवून ठेवले आहेत, सोमवारी वाचायचे.

फळाच्या सालीतही अशी खिडकी, म्हणजे रंग धरण्याचा ठराविक काळ, असेल तर सगळ्या हंगामभर दिवा लावण्यात हशील नाही, ठराविक दिवस पुरतील. ते पाहायला फळ धरलेली कलमे हवीत. मॅडमनी पुढच्या गटासाठी तसा अर्ज केला आहे. आमची रोपे पांढऱ्या कप्प्यात हलवून पुढच्या पालवीपर्यंत ठेवायची, म्हणजे आधीच्या दिव्याचा काही मागमूस उरतो का तेही मोजता येईल.